कापलेल्या डोंगरावर गवत टिकवायचं असेल तर: गोव्यातल्या उतारांसाठी हायड्रोसीडिंग, टप्प्याटप्प्याने

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. घरामागे जेसीबीने कापलेला तांबडाभडक डोंगर, पायथ्याशी गटार आणि गटारात साचलेला हिरवट लगदा. खालचा मजकूरही ठरलेला: "चार दिवसांपूर्वीच मारलं होतं, सगळं वाहून गेलं. परत मारू का?"

परत मारू नका. यातल्या बहुतेक ठिकाणी खोट बियाण्यात नसते, यंत्रातही नसते. क्रम चुकलेला असतो. आधी पाण्याची वाट, मग उताराची माती, बी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण हिरवं रंगवलेलं डोळ्यांना दिसतं आणि चर दिसत नाही.

हायड्रोसीडिंग म्हणजे बी, कागद किंवा काथ्याचा लगदा, डिंक, खत आणि पाणी यांची स्लरी पंपाने उतारावर मारणं. लगदा बियाला ओलावा आणि सावली देतो, डिंक त्याला मातीला धरून ठेवतो. त्याचं काम एवढंच, आणि तेही मुळं धरेपर्यंत. पुढचं सगळं मुळांनी करायचं असतं.

हा लेख घरामागच्या, बागायतीतल्या किंवा खाजगी रस्त्याकडेच्या कापासाठी आहे, साधारण शंभर ते हजार चौरस मीटरपर्यंतच्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागातले खाणीचे ढिगारे यात धरलेले नाहीत. तिथे मातीच नसते, आधी पायऱ्या पाडाव्या लागतात, गाळ अडवायला खड्डे लागतात. तो वेगळा धंदा आहे.

## टप्पा १: हा उतार गवताने थांबेल का?

गवताची मुळं वरचा हातभर थर धरतात. वाळ्याची मुळं चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर खोल जातात. त्याखालून डोंगर सरकत असेल तर वर कितीही हिरवळ असो, ती हिरवळीसकट खाली येते.

आपल्याकडचा काप नीट बघा. वर कठीण जांभा, ज्याचे चिरे काढतात तो. त्याच्याखाली पिवळट, पांढरट, कधी गुलाबी झाक असलेली मऊ चिकण माती. जांभा उभा कापला तरी वर्षानुवर्षं उभा राहतो आणि त्यामुळे माणसाची फसगत होते. खालची माती मात्र पाणी प्यायली की भिजलेल्या साबणासारखी होते. जांभ्यातून झिरपलेलं पाणी दोन्ही थरांच्या सांध्यात येऊन थबकतं, आणि दरड बहुधा तिथूनच सुटते.

उतार मोजायला यंत्र नको. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, एक टोक उतारावर टेकवा, गवंड्याच्या लेव्हलने पट्टी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा.

- ५० सेंटिमीटरपर्यंत: नुसती फवारणी आणि वाळ्याच्या ओळी पुरतात.
- ५० सेंटिमीटर ते १ मीटर: काथ्याची जाळी हवीच.
- १ मीटरहून जास्त, म्हणजे ४५ अंशांपेक्षा उभा: आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा. पायथ्याला भिंत, पायऱ्या किंवा खिळेबंदी (डोंगरात सळया ठोकून माती बांधणं) लागेल. गवत त्याच्या जोडीला.

किमान पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. सरासरी काढत बसू नका.

थांबा: माथ्यावर अर्धचंद्रासारखी भेग, वरच्या बाजूचा माड किंवा विजेचा खांब कललेला, पायथा पोटासारखा फुगलेला, उन्हाळ्यातही कापातून पाणी पाझरणारं: यातलं एक जरी दिसलं तरी बियाण्याचा विचार सोडा. त्या भेगेखाली कोणी झोपत असेल तर पावसाळ्यात त्याला तिथून हलवा.

अजून एक. उतार सौम्य करायला पुन्हा जेसीबी लावणार असाल, तर गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातलं कलम १७-अ विसरू नका. डोंगर कापायला परवानगी लागते आणि स्वतःच्या जागेतही लागते. झाड तोडायचं असेल तर १९८४ चा वृक्ष संवर्धन कायदा आहे, वन खात्याची परवानगी वेगळी.

## टप्पा २: तारीख ठरवा, मग माणसं

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैत. सत्तरी-सांग्याच्या बाजूला किनाऱ्यापेक्षा जास्त. म्हणून "पाऊस येतोय, आयतं पाणी मिळेल, आता मारू" हा हिशेब साफ चुकतो. डिंकाला वाळायला किमान चोवीस तास कोरडे लागतात. बियाला मूळ धरायला दोन-तीन आठवडे. मृगाची पहिली सर यातल्या कशाची वाट बघत नाही.

दोनच वेळा योग्य आहेत.

पहिली: १० ते २० मेच्या दरम्यान फवारणी, मग रोज हाताने पाणी. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा गवत बोटभर उंच झालेलं असतं. त्यासाठी चर आणि जाळी एप्रिलअखेर पुरी व्हायला हवी. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल असते, माणसं मिळत नाहीत, टँकर मिळत नाही. दोन्ही आधीच सांगून ठेवा.

दुसरी: मेमध्ये पाण्याची सोय नसेल तर चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर. जुलैचा जोर सरलेला असतो, जमीन ओली असते, ऊन-पाऊस आलटून पालटून असतो. तोवर चार महिने उतार उघडा ठेवू नका. जाळी अंथरा, चर करा आणि पहिल्या पावसात वाळा लावा. फवारणी तेवढी मागे ठेवा.

जूनचा पहिला पंधरवडा ते जुलैअखेर फवारणी करायचीच नाही. ठेकेदाराने "आमचा डिंक भारी आहे" म्हटलं तरी नाही.

## टप्पा ३: पाण्याला वाट द्या

या टप्प्याला कंटाळा केलात तर पुढचं वाचायची गरज नाही.

साधा हिशेब करू. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर २०० चौरस मीटरच्या छपरावरून २०,००० लिटर पाणी उतरतं. दोन मोठे टँकर. ते पागोळीने कापाच्या माथ्यावर पडत असेल तर त्याच्यापुढे बोटभर गवत काय करणार?

म्हणून आधी माथ्यावर जाऊन उभे राहा आणि प्रत्येक थेंब कुठून येतो ते शोधा. सत्तरीतल्या एका घरी मी तीन वेळा चक्कर मारली. छपराला पन्हळ होती, अंगणाचा उतार दुसरीकडे होता, तरी कापाच्या मधोमध एक पट्टा सतत ओला. शेवटी घरातल्या आजींना विचारलं, "आजी, मोरीचं पाणी कुठे जातं?" त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "खाली जातं रे बाबा. पाणी काय वर जाणार?" मोरीची पाइप जमिनीखालून येऊन कापाच्या वरच हातभर आधी संपत होती. दोन वर्षं ती पाइप डोंगर भिजवत होती. बारा फूट पाइप जोडली आणि पट्टा वाळला.

आता क्रमाने:

१. माथ्यावरचा चर. कापाच्या कडेपासून दीड ते दोन मीटर मागे, आडवा. रुंदी-खोली तीस-तीस सेंटिमीटर, ढाळ पन्नासात एक ते शंभरात एक. चर कच्चा सोडू नका. कच्च्या चरात पाणी साठतं आणि जिथे जायला नको तिथेच मुरतं. चिरे लावून दर्जा भरा किंवा अर्धगोल सिमेंटची पाइप टाका.

२. उतरण. चराचं पाणी खाली आणायला पक्की वाट. पायऱ्यांची असेल तर उत्तम, पाण्याचा वेग मोडतो. खाली पडतं तिथे दगड रचा, नाहीतर पायथाच उखडतो.

३. पायथ्याचं गटार. भिंत असेल तर तिच्यातली पाझर-भोकं मोकळी आहेत ना, बघा. पुष्कळ ठिकाणी रंगाऱ्याने बुजवलेली असतात.

४. पन्हळी, मोरी, टाकीचा ओव्हरफ्लो आणि शोषखड्डा. शोषखड्डा माथ्यावर असेल तर तो हलवा. खर्च येतो, पण दुसरा उपाय नाही.

तपासा: चराच्या वरच्या टोकाला टँकरमधून हजार लिटर पाणी सोडा. ते कुठेही न थबकता, न सांडता पायथ्याच्या गटारात पोहोचलं पाहिजे, आणि ते गटारही पुढे व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) जोडलेलं हवं, शेजाऱ्याच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) नव्हे. ही चाचणी पास झाल्याशिवाय बियाण्याचे पैसे देऊ नका.

## टप्पा ४: उतार खरवडा, गुळगुळीत करू नका

जेसीबीवाल्याला बकेटच्या पाठीने उतार थापटून गुळगुळीत करायची हौस असते. दिसायला झकास, पण स्लरी त्यावरून अशी घसरते जशी नव्या तव्यावरून घावनाची पिठी.

सैल दगड आणि लोंबणारी ढेकळं वरून खाली पाडून घ्या. माथ्याची धारदार कड गोल करा. पहिली तुटते ती तीच. मग कुदळीने किंवा दाताळ्याने आडवे ओरखडे काढा, तीन ते पाच सेंटिमीटर खोल, वीतभर अंतराने. उभे ओरखडे काढलेत तर तुम्ही स्वतःच पाण्याला पन्हळी करून दिल्यात. कामगार दोरीला लटकून वर-खाली सरकतो, त्यामुळे त्याचा हात आपसूक उभा चालतो. शेजारी उभं राहून काम करून घ्या.

रानमोडी आणि घाणेरी मुळासकट काढा. रानमोडी तर कापल्यावर दुप्पट येते.

जांभ्याच्या मुरमात सेंद्रिय काही नसतंच, वर माती आंबट. माती परीक्षण करून घ्या. जुने गोवे इथल्या एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि विभागीय कृषी कार्यालयातही चौकशी करता येते. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर शंभर चौरस मीटरला साधारण वीस किलो शेतीचा चुना. तो फवारणीच्या किमान दोन आठवडे आधी मातीत मिसळा. चुना आणि खत एकाच दिवशी टाकलं की नत्र हवेत जातं आणि वास तेवढा येतो.

चुन्यानंतर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट: शंभर चौरस मीटरला एक घनमीटर, म्हणजे सेंटिमीटरभर थर. ओरखड्यांत बसेल असं पसरा. ओलं शेण टाकू नका.

कठीण जांभ्याची उभी भिंत असेल तर तिच्यावर माती लिंपायच्या फंदात पडू नका. ती आहे तशी सोडा.

## टप्पा ५: काथ्याची जाळी आणि वाळा

जाळी ७०० ग्रॅम प्रति चौरस मीटरची घ्या. ४०० ग्रॅमची स्वस्त पडते, पण ती मध्यम उतारासाठी. काथ्या दोनेक पावसाळे टिकतो. तेवढ्यात मुळांनी ताबा घेतला पाहिजे.

माथ्यावर, चर आणि कड यांच्या मध्ये, तीस सेंटिमीटर खोल खाच खणा. जाळीचं वरचं टोक त्यात घालून मेखा मारा आणि माती दाबून भरा. मग गुंडाळी वरून खाली सोडा. दोन पट्ट्यांची एकमेकींवर पंधरा सेंटिमीटर घडी. मेखा मीटरभर अंतराने. बांबूच्या खुंट्या चालतात, कठीण मुरमात सळईचे यू आकाराचे तुकडे.

इथली ठरलेली चूक म्हणजे जाळी ताणून बसवणं. ताणलेली जाळी खळग्यांवरून पुलासारखी जाते, खालून पाणी मोकळं वाहतं आणि बी मातीला न लागता हवेत लटकतं.

तपासा: जाळीखाली मूठ सरकते का? सरकत असेल तिथे अजून एक मेख.

आता वाळा. तो जाळीच्या भोकांतून आणि फवारणीच्या आधी लावायचा, कारण फवारलेल्या उतारावर नंतर पाय ठेवायचा नाही. आडवी रेघ नजरेने काढू नका. दोन काठ्या एका टोकाला बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करा, मधे आडवी काठी, वरून दोरीला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. चौकट चालवत चुन्याने खुणा करत जा. रेघ वितभरही उतरती गेली तर वाळ्याची ओळ पाणी अडवायच्या ऐवजी एका कोपऱ्यात गोळा करते आणि तिथे घळ पाडते.

दोन ओळींत दीड मीटर. ओळीत दोन रोपांमध्ये दहा-बारा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. प्रत्येक रोपात दोन-तीन फुटवे, पानं वीतभर ठेवून छाटलेली. दहा बाय दहा मीटरच्या उतारासाठी सात ओळी, सहाशे ते सातशे रोपं. मेमध्ये लावायचं असेल तर पिशवीत मुळं धरलेली रोपं घ्या. उघड्या मुळांचे फुटवे उन्हात जातात, ते पहिल्या पावसासाठी ठेवा. आणि दक्षिणेकडचा, बी न धरणारा वाळा मागा, म्हणजे तो लावलेल्या ओळीतच राहतो. दाट सावलीत वाळा जगत नाही. फणसाखालचा तुकडा असेल तर तिथे दुसरं काही बघा.

## टप्पा ६: बियाणं

एकाच जातीचं बी मारू नका. मिश्रणात तीन कामं वाटून द्यायची: आठवड्यात उगवून माती झाकणारं, नत्र देणारं आणि वर्षानुवर्षं राहणारं. शंभर चौरस मीटरसाठी मी वापरतो ते असं:

- नाचणी ३०० ग्रॅम. पाच-सहा दिवसांत हिरवी रेघ दिसते.
- ताग ५०० ग्रॅम
- हरळी (दूर्वा) ३०० ग्रॅम
- अंजन गवत किंवा मारवेल २०० ग्रॅम
- स्टायलो (शेंगवर्गीय चारा) १५० ग्रॅम
- चवळी किंवा कुळीथ ३०० ग्रॅम, पण हे हाताने टोकायचं. टाकीत घातलं तर नोझल तुंबतं.

स्टायलोचं बी टणक. ८० अंश तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं, मग रात्रभर साध्या पाण्यात. उकळतं पाणी ओतलंत तर बी शिजतं. अंजनाचं बी केसाळ असतं, टाकीत वर तरंगतं. कोरड्या वाळूत चोळून घ्या. तागाला रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) लावता आलं तर लावा.

तपासा: फवारणीच्या दहा दिवस आधी प्रत्येक जातीचे शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्याने मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा, पन्नासच्या खाली असतील तर परत करा. पिशवीवरचा आकडा दुकानाच्या पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे काढण्यापूर्वीचा असतो.

"लवकर वाढतं" म्हणून सुबाभूळ किंवा अकेशिया कोणी सुचवेल. नको. वाढतात खरे, पण मग दुसरं काही येऊ देत नाहीत.

## टप्पा ७: स्लरी

यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम; टाकीत फिरणारी पाती हवीत. नसेल तर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, चिखल ओढणारा पंप, दोन इंची होज, आणि पंपाच्या तोंडातून परत टाकीत जाणारी एक फाट्याची पाइप. ही फाट्याची पाइपच ढवळण्याचं काम करते.

माझ्या पहिल्या कामाला मी ती बसवली नव्हती. बांबूने ढवळत होतो. मधे चहा आला. दहा मिनिटांत बी तळाशी बसलं आणि मला पत्ता नाही. उताराच्या पाऊण भागाला नुसतं हिरवं पाणी गेलं, आणि शेवटच्या कोपऱ्यात ताग असा उगवला की शिगम्याच्या मिरवणुकीतली गर्दी. बाकीचा डोंगर बोडकाच. मालक भला माणूस, काही बोलला नाही. मी स्वतःच्या खर्चाने चवथीनंतर पुन्हा केलं.

शंभर चौरस मीटरच्या, जाळी लावलेल्या उतारासाठी लगदा एकूण ४० किलो कोरड्या वजनाचा: २५ किलो रद्दी, चोवीस तास भिजवून कुटलेली, आणि १५ किलो चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा). नुसता कागद वाळला की पापडासारखा कडेने उचलतो, म्हणून कोकोपीट. न चाळलेल्या कोकोपीटमधले धागे पंपात अडकतात.

दोन टाक्या करायच्या.

पहिली, ५०० लिटर: लगद्याचा तिसरा हिस्सा, २०० ग्रॅम गवार गोंद (वर म्हटलेला डिंक तो हाच), सगळं बी. खत नाही.

दुसरी, ७०० लिटर: उरलेला लगदा, ४५० ग्रॅम गवार गोंद, दोन किलो १०:२६:२६ खत, आणि थोडा हिरवा रंग. रंग कुठे मारलं आणि कुठे राहिलं ते कळावं एवढ्यासाठी. त्याने काही उगवत नाही.

टाकीत घालायचा क्रम: अर्धं पाणी, ढवळणं सुरू, लगदा, मग गोंद. गोंद चिमटी-चिमटीने, फिरत्या पाण्यावर भुरभुरत. एकदम ओतलात तर पिठल्याच्या गुठळ्या, आणि त्या गुठळ्या मग शेवटपर्यंत मोडत नाहीत. उरलेलं पाणी. पंधरा-वीस मिनिटं गोंद फुगू द्या. पहिल्या टाकीत बी सगळ्यात शेवटी, मारण्याच्या पाच मिनिटं आधी.

तपासा: मूठभर स्लरी उभ्या चिऱ्यावर फेका. पातळ ओहोळ खाली गेला तर गोंद किंवा लगदा कमी. गोळा होऊन पडली तर पाणी कमी. चिकटून हळूच थोडी सरकली आणि थांबली, की बरोबर.

इशारा: बी घातलेली टाकी तासाभरात संपवा. उरलेली उद्या मारू म्हणून ठेवलीत तर उद्या टाकीत आंबलेलं बी असेल.

ठेकेदाराची गाडी बोलावलीत तर चौरस मीटरचा दर विचारायच्या आधी विचारा: शंभर चौरस मीटरला किती किलो लगदा, किती ग्रॅम गोंद, कोणतं बी? पिशव्या तुमच्यासमोर फोडून वजन करू द्या. पैसे किलोचे द्यायचे, हिरव्या रंगाचे नाहीत.

## टप्पा ८: फवारणी

सकाळी सातला सुरुवात, अकराला बंद. त्यानंतर खारा वारा सुटतो आणि स्लरी डोंगरापेक्षा शेजाऱ्याच्या गाडीवर जास्त बसते. हवामान खात्याचा पुढच्या दोन दिवसांचा अंदाज बघा. वळवाची शक्यता असली तरी पुढे ढकला.

उतार आधी साध्या पाण्याने ओलसर करा, चिखल नको. नोझल उतारापासून तीन ते पाच मीटर, धार कमानीसारखी वर जाऊन पावसासारखी पडली पाहिजे. सरळ धार मारलीत तर ती माती खणते. माथ्यापासून सुरू करा, आणि प्रत्येक भाग दोन दिशांनी मारा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ढेकळाच्या मागे एका दिशेने पोहोचत नाही.

पहिली टाकी पूर्ण उतारभर. ती ओलसर असतानाच दुसरी. घरचा पहिलाच प्रयोग असेल तर उताराचे दोरीने चार भाग पाडा आणि टाकीवर चार खुणा करा, म्हणजे अर्ध्या उताराला टाकी संपली असं होत नाही.

तपासा: थर तीन ते पाच मिलिमीटर. खिळा टोचून बघा. मातीचा तांबडा रंग डोकावत असेल तिथे पुन्हा. काम संपलं की टाकी, पंप, होज लगेच धुवा. वाळलेला गवार गोंद नंतर छिन्नीनेही निघत नाही.

## टप्पा ९: पाऊस येईपर्यंत

पहिले चोवीस तास काही करू नका. पाणीही नाही.

मग दिवसातून तीन वेळा, बारीक झारीने किंवा फॉगरने, थोडं थोडं. शंभर चौरस मीटरला दिवसाचे तीनशे ते चारशे लिटर पुरतात. पाणी खाली वाहायला लागलं की त्या वेळचं झालं. बागेची पाइप अंगठ्याने दाबून मारू नका; आठवड्याची मेहनत एका मिनिटात घळीत जाते. दहा दिवसांनी दोन वेळा, मग एक वेळ.

मोकाट गुरं हा आपल्याकडचा वेगळाच विषय. मेमध्ये सगळीकडे करपलेलं असताना तुमचा उतार म्हणजे गावात एकच पानात वाढलेलं जेवण. करवंदीच्या फांद्यांचं कुंपण माथ्यावर आणि पायथ्याला, फवारणीच्या आदल्या दिवशीच.

तिसऱ्या आठवड्यात एक फूट बाय एक फुटाची काठ्यांची चौकट दहा ठिकाणी ठेवून रोपं मोजा. पंधरा-वीसपेक्षा कमी असतील त्या तुकड्यावर लगेच हाताने बी आणि बारीक कंपोस्ट टाका. पाऊस सुरू झाल्यावर ही संधी गेली.

## टप्पा १०: पावसात आणि नंतर

पहिल्या मोठ्या पावसानंतर, थांबल्यावर, पायथ्याला सुरक्षित अंतरावर उभे राहून बघा. ओल्या उतारावर चढू नका. बोटभर खोल ओघळ दिसले तर त्यात नुसती माती भरू नका. गोणपाटाच्या छोट्या पिशव्यांत माती, कंपोस्ट आणि नाचणी भरून आडव्या दाबून बसवा. पिशवीतूनच उगवतं. त्याच फेरीत माथ्याच्या चरातला पाचोळा काढा. जुलैत दर आठवड्याला. फणसाची चार पानं एकत्र आली की चर बंद होतो.

ताग पंचेचाळीस दिवसांत कमरेएवढा होतो आणि खालच्या हरळीचं ऊन खातो. वीतभर ठेवून कापा आणि कापलेला तिथेच आडवा टाका. लोक फुलं छान दिसतात म्हणून ठेवतात, आणि दिवाळीला ताग वाळल्यावर खाली माती उघडी सापडते.

साठ दिवसांनी उताराचा सत्तर टक्के भाग झाकलेला हवा. तेवढा नसेल तर चवथीनंतरची दुसरी फवारणी फक्त त्या उघड्या तुकड्यांवर, आणि त्याआधी तिथे पाणी कुठून येतंय ते पुन्हा शोधा.

झुडपं ऑगस्टमध्ये: निर्गुडी, धायटी, करवंद, आणि फांद्या रोवून गिरिपुष्प. मोठी झाडं आणि माड कापाच्या कडेला नको. वाऱ्यात ते तरफेसारखे हलतात आणि मुळाशी भेग पाडतात. बांबू लावायचाच तर पायथ्यापासून लांब.

डिसेंबर-जानेवारीत वाळलेलं गवत वीतभर ठेवून कापून न्या आणि घराच्या बाजूला दोन मीटरचा पट्टा साफ करा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर वणवे पेटले होते. वाळलेल्या गवताचा उतार घरामागे असणं म्हणजे काय, ते तेव्हा पुष्कळांना कळलं. जाळून साफ करायचं नाही, जाळी काथ्याची आहे.

दुसऱ्या वर्षी मेमध्ये वाळा गुडघ्याएवढा ठेवून छाटा, मेलेल्या रोपांच्या जागा त्याच बेटांतल्या फुटव्यांनी मृगाच्या पावसात भरा. ओळीत वीतभर जरी फट राहिली तरी त्या वर्षीचं पाणी तीच शोधतं. आणि चराची हजार लिटरची चाचणी पुन्हा घ्या; वर्षभरात कोणीतरी माथ्यावर नवी मोरी काढलेली असते.